नागरी वस्तीतील भूमिगत युद्ध : वसईचा संदर्भ

नागरी वस्तीतील भूमिगत युद्ध म्हणजे शहराच्या किंवा तटबंदी असलेल्या वस्तीच्या पोटातील भुयारे, तळघरे, सांडपाण्याच्या वाहिन्या, भुयारी रेल्वेमार्ग आणि मुद्दाम खणलेले सुरुंग यांचा उपयोग करून लढले जाणारे युद्ध होय. अलेप्पो, मोसुल, मारियुपोल आणि गाझा येथील लढायांमुळे हा विषय जगभरच्या सेनादलांच्या नियोजनात पुन्हा वरच्या स्थानी आला आहे. महाराष्ट्रातील या युद्धप्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण 1739 मधील वसईच्या वेढ्याचे आहे. ज्या भूमीत तो वेढा लढला गेला, तिच्या आसपास आज वसई-विरार हे महानगर पसरले आहे. 2011 च्या जनगणनेनुसारच त्याची लोकसंख्या बारा लाखांवर होती. त्यामुळे या भूमीच्या संदर्भात आजच्या भूमिगत युद्धाचा विचार करताना जुना वेढा आणि नवे शहर या दोहोंकडे एकत्र पाहावे लागते.

शब्द आणि पूर्वपीठिका

जमिनीखालच्या वाटेसाठी मराठीत मुख्यतः तीन शब्द रूढ आहेत. भुयार ही लपण्याची किंवा निसटण्याची वाट, बोगदा ही रहदारीची वाट, आणि सुरुंग ही शत्रूच्या पायाखाली जाणारी वाट. पुढे वाटेचा अर्थ मागे पडला आणि तिच्या टोकाशी ठासलेल्या दारूलाच सुरुंग म्हणू लागले. संस्कृत ‘सुरुङ्गा’ हा शब्द ग्रीक भाषेतील नळी या अर्थाच्या ‘सिरिंक्स’ शब्दावरून आला, असे मत अनेक भाषाभ्यासकांनी मांडले आहे. आज हा शब्द निवडणुकांच्या बातम्यांत अधिक भेटतो. एखाद्या बालेकिल्ल्याला सुरुंग लागल्याचे वृत्त वाचताना त्यामागची खणती, घाम आणि दगडाखाली गेलेली माणसे कोणाच्या मनात येत नाहीत.

महाभारतात लाक्षागृहातून पांडव निसटतात, ते विदुराने पाठवलेल्या खनकाने तयार केलेल्या भुयारातून. कौटिलीय अर्थशास्त्रात याहून अधिक व्यावहारिक विचार आढळतो. बाराव्या अधिकरणात दुर्बल राजाने बलवान शत्रूशी कसे वागावे याची चर्चा आहे. तेथे तटाखाली खणती चालू असल्याचा संशय असेल तर त्या ठिकाणी पाण्याने भरलेले घडे किंवा काशाची भांडी ठेवावीत आणि सुरुंगाचा शोध लागताच समोरून प्रतिसुरुंग खणावा, असे सांगितले आहे. पाण्यावर उठणारे तरंग आणि भांड्यांचा नाद हीच शत्रूच्या कुदळीची वार्ता. आजची भूकंपन टिपणारी उपकरणे याच तत्त्वावर चालतात. घड्याची जागा संवेदकाने घेतली आहे, एवढेच.

मराठ्यांच्या इतिहासात सुरुंगाचा दाहक अनुभव प्रथम सोसावा लागला तो चाकणला. 1660 मध्ये शाहिस्तेखानाने संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी भुईकोट असलेला हा किल्ला पन्नासहून अधिक दिवस झुंजवला; अखेर ऑगस्टमध्ये मोगलांनी सुरुंगाने बुरूज उडवला आणि किल्ला गेला. डोंगरी किल्ल्याच्या कातळाखाली शिरणे जवळजवळ अशक्य असते, भुईकोटाच्या मातीखाली शिरता येते. वसईचा किल्ला भुईकोटच होता.

वसईचा वेढा, 1739

गुजरातच्या बहादूरशाहाने डिसेंबर 1534 मधील तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढील दोनशे वर्षांत ती त्यांच्या उत्तरेकडील प्रांताची राजधानी झाली. किल्ल्याच्या आत चर्च, मठ, रुग्णालय आणि श्रीमंतांची घरे असलेले नांदते शहर उभे राहिले. वसईला केवळ लष्करी ठाणे समजून तिच्या वेढ्याचे वर्णन केले, तर त्यातील निम्मा अर्थ हरवतो. ते तटबंदीतले शहर होते आणि वेढ्याच्या काळात स्त्रिया, मुले, धर्मगुरू व आश्रितही तटाच्या आतच होते.

मराठ्यांच्या मोहिमेला 1737 च्या वसंतात ठाण्याच्या विजयाने आरंभ झाला. अणजूरच्या गंगाजी नाइकांसारख्या स्थानिक मंडळींचे साहाय्य आणि त्यांना असलेली मुलखाची माहिती या मोहिमेला मोलाची ठरली. त्याच वर्षी अर्नाळा बेट मराठ्यांच्या हाती आले, परंतु वसईचा कोट पडला नाही. 1739 च्या प्रारंभी चिमाजी अप्पांनी उत्तरेकडील ठाणी एकामागून एक घेतली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. फेब्रुवारीत वसईचा वेढा आवळला गेला.

वेढ्याचे स्वरूप भूगोलाने आधीच ठरवून ठेवले होते. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी आणि पूर्वेला दलदल होती. सैन्याला चालून जाण्याजोगी कोरडी जमीन उत्तरेकडेच होती. त्यामुळे मराठ्यांचे मोर्चे, तोफा आणि सुरुंग यांचा सारा भार उत्तरेच्या बाजूवर, रेमेडियोस आणि सॅन सेबॅस्टियन या बुरुजांसमोर पडला. मोर्चा पुढे सरकवायचा, त्याच्या आडोशाने तटाच्या पायथ्याकडे खणत जायचे, पायाखाली कोठडी करून दारू ठासायची, तोंड बुजवायचे आणि बत्ती द्यायची, असा हा क्रम असे. कागदावर तो सोपा दिसतो. प्रत्यक्षात वरून गोळे आणि बंदुकीचा मारा होत असताना, समुद्राकाठच्या जमिनीत पाझरणारे पाणी उपसत, खोदलेली माती शत्रूच्या नजरेस न पडता बाहेर काढावी लागते. आतल्यांनीही खणतीचा माग काढून ती निकामी करण्याची खटपट चालू ठेवली होती.

काळही मराठ्यांना साथ देत नव्हता. मार्चमध्ये नादिरशाह दिल्लीत शिरला होता आणि बाजीरावांना उत्तरेसाठी सैन्य मोकळे हवे होते. शिवाय ज्येष्ठ-आषाढाचा पाऊस एकदा सुरू झाला की खणलेला प्रत्येक चर पाण्याने भरणार, हे कोकणातल्या कोणालाही सांगावे लागत नव्हते. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे वसईच्या वेढ्यात येऊन मिळाले ते या घाईच्या पार्श्वभूमीवर.

मे महिन्यात, शरणागतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत, सुरुंगांना बत्ती देण्यात आली. ते सारे एकाच क्षणी उडाले नाहीत. पहिल्या स्फोटांनी खिंडार पडताच मराठ्यांचे लोक पुढे धावले आणि मागे राहिलेला सुरुंग त्यांच्याच पायाखाली उडाला. कित्येक जण दगडमातीखाली गेले. या युद्धप्रकाराचा मूळ धोका या एका घटनेत स्पष्ट दिसतो. शस्त्र जमिनीखाली असते, त्यामुळे ते चालवणाऱ्यालाही दिसत नाही. त्यानंतरच्या हल्ल्यात सॅन सेबॅस्टियनचा बुरूज सुरुंगाने कोसळला, मराठे त्या खिंडारात ठाण मांडून बसले आणि पोर्तुगीजांनी पांढरे निशाण दाखवले. उत्तर प्रांताचा सेनापती मार्तिन्यो द सिल्व्हेरा वेढ्यातच मारला गेला होता. वसईची शरणागती कायतानो द सोझा परेरा याने दिली. मुंबईकर इंग्रजांनी या काळात मोठी मदत केली नाही. चर्चमधील चांदी तारण घेऊन थोडे कर्ज मात्र त्यांनी दिले.

शरणागतीची तारीख ग्रंथांतून कधी 5 मे, तर कधी 16 मे अशी आढळते. ही विसंगती केवळ दिसण्यापुरती आहे. इंग्रज त्या काळी जुनी ज्युलियन कालगणना पाळत, पोर्तुगीजांकडे नवी ग्रेगोरियन कालगणना होती आणि दोहोंत अकरा दिवसांचा फरक होता.

या तहाची कलमे आजच्या चर्चेतही विचारात घेण्याजोगी आहेत. शिबंदीला शस्त्रे व निशाणांसह सन्मानाने बाहेर पडू द्यावे, कुटुंबांना जंगम मालमत्ता नेता यावी, त्यासाठी आठ दिवसांची मुदत असावी आणि मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळता यावा, असे ठरले. ठरल्याप्रमाणे 23 मे रोजी पोर्तुगीज वसईतून निघून गेले. मराठ्यांच्या बाजूची मनुष्यहानी हजारांत होती. इतके रक्त सांडल्यावरही विजयी सैन्याने ती मुदत पाळली, ही बाब किल्ला घेतल्याच्या पराक्रमाइतकीच नोंदवण्यासारखी आहे. शालेय पाठांत मात्र पराक्रमाला जितकी जागा मिळते तितकी तहाच्या कलमांना मिळत नाही.

पुढे 1780 मध्ये जनरल गॉडर्डच्या इंग्रज सैन्याने हाच किल्ला घेतला, तेव्हा निर्णय मुख्यतः तोफखान्याने लागला. तोफा अधिक लांबून आणि अचूक मारा करू लागल्यावर तटाखाली शिरण्याची गरज कमी झाली. तरीही सुरुंग युद्धातून पूर्णपणे हद्दपार झाला नाही. 7 जून 1917 रोजी बेल्जियममधील मेसिन येथे ब्रिटिशांनी जर्मन फळीखाली एकोणीस सुरुंग जवळजवळ एकाच वेळी उडवले. वसईत जो मेळ बसला नव्हता, तो तेथे बसवता आला.

समकालीन युद्धांतील स्वरूप

आजच्या भूमिगत युद्धाचे ढोबळमानाने दोन प्रवाह दिसतात. पहिला वसईच्याच जातीचा आहे. मे 2014 मध्ये सीरियातील अलेप्पो येथे बंडखोरांनी जुन्या किल्ल्याजवळच्या कार्ल्टन हॉटेलाखाली भुयार खणून स्फोट घडवला. त्या इमारतीत सरकारी सैनिक होते. विमाने आणि ड्रोन यांच्या युगात कुदळीने लढलेली ही लढाई होती. ज्याच्याकडे आकाश नाही तो जमिनीखाली जातो, हे सूत्र त्यातून पुन्हा सिद्ध झाले. मार्च 2025 मध्ये रशियन सैनिक वायुवाहिनीच्या पोकळीतून चालत कुर्स्क प्रांतातील सुजा शहराजवळ युक्रेनियन फौजेच्या पिछाडीस निघाले. ती वाट कोणी युद्धासाठी खणलेली नव्हती. ती मुलकी कामासाठी आधीपासून तयार होती.

दुसरा प्रवाह म्हणजे भुयारात राहून टिकाव धरण्याचा. गाझा पट्टीत हमासने उभारलेल्या भुयारांची लांबी निरनिराळ्या अंदाजांनुसार पाचशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक आहे. इस्रायलने 2021 मध्ये सीमेवर जमिनीत खोलवर जाणारी भिंत पूर्ण केली, तरी ऑक्टोबर 2023 मधील हल्ला भिंतीवरून आणि भिंत फोडून झाला. त्यानंतरच्या युद्धात भुयारे शोधण्यासाठी खास अभियंता तुकड्या, श्वान, यंत्रमानव आणि समुद्राचे पाणी सोडणे असे नाना उपाय झाले. भुयारांचे जाळे पूर्ण उद्ध्वस्त झाले, असे त्यांपैकी कोणत्याही उपायाने घडले नाही. भुयारांच्या वर राहणाऱ्या वीस लाखांहून अधिक माणसांना मात्र भुयारात आसरा नव्हता. शहराच्या पोटात इतकी सुरक्षित जागा असावी आणि ती शहरवासीयांसाठी नसावी, ही या युद्धातील सर्वांत कठोर वस्तुस्थिती म्हणावी लागेल.

युक्रेनमध्ये याच्या उलट चित्र दिसते. फेब्रुवारी 2022 मध्ये कीव्हच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत हजारो नागरिकांनी रात्री काढल्या. सोव्हिएत काळात ही स्थानके आश्रयस्थान म्हणूनही कल्पिलेली होती. आर्सेनाल्ना स्थानक तर शंभर मीटरहून खोल आहे. मारियुपोलच्या अझोवस्टाल पोलाद कारखान्याखालील निवाऱ्यांत सैनिक आणि नागरिक एकत्र अडकले. संयुक्त राष्ट्रे व रेड क्रॉस यांच्या मध्यस्थीने नागरिकांना आधी बाहेर काढण्यात आले आणि 16 मे 2022 पासून सैनिक शरण येऊ लागले. तारखेचे वसईशी असलेले साम्य योगायोगाचे आहे, पण दोन्हीकडे अखेरचा प्रश्न एकच होता : आतल्या माणसांनी कोणत्या अटींवर बाहेर यायचे?

भारताचा अलीकडचा अनुभव मुख्यतः सीमेवरील भुयारांचा आहे. जम्मू विभागात सांबा आणि हिरानगर परिसरात 2020 व 2021 मध्ये सीमा सुरक्षा दलाने घुसखोरीसाठी खणलेली भुयारे शोधून काढली. ती शेतजमिनीखालची होती. दाट वस्तीच्या शहरातील लढाईचा धडा भारताला मिळाला तो नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईत, आणि तोही जमिनीखालचा नव्हता. तरी ताज हॉटेलात शिरलेल्या कमांडोंना इमारतीच्या आतील रचनेची पुरेशी माहिती हाती नव्हती, हे तेव्हा उघड झाले. जमिनीवरच्या, प्रसिद्ध वास्तूबाबत ही स्थिती असेल तर जमिनीखालच्या रचनेबाबत काय असेल, हा प्रश्न त्यातून निघतो.

वसई-विरारची भूमी

गाझाच्या चर्चेतून कोणत्याही शहराखाली भुयारांचे जाळे विणता येईल असा समज होतो. वसईची माती त्याला दुजोरा देत नाही. तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे वाळू, गाळ, खाजण आणि मिठागरे. गावोगावच्या वाड्यांत असलेली बावखळे हा तेथील भूजलाचा जुना आणि विश्वसनीय पुरावा आहे. थोडे खणले की पाणी लागते, म्हणूनच ही शेततळी शतकानुशतके पानवेली, केळी आणि भाजीपाला पोसू शकली. अशा जमिनीत खोल भुयार टिकवायचे तर अखंड उपसा आणि भक्कम अस्तर लागेल, आणि ते गुपचूप करता येणार नाही. त्याच वेळी क्षारयुक्त ओल्या मातीत भूभेदी रडारच्या लहरी फार खोल जात नाहीत. येथे भुयार करणे कठीण आणि केलेले शोधणेही कठीण, असा हा दुहेरी पेच आहे.

पूर्वेकडे तुंगारेश्वरच्या रांगेत बेसॉल्टचा कातळ आहे. तेथे बोगदा टिकतो, पण तो यंत्राने किंवा स्फोटकांनीच करावा लागतो. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेमार्गासाठी पालघर जिल्ह्यातील डोंगरांतून सात बोगदे नियोजित आहेत. याच मार्गाचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा सुमारे 21 किलोमीटरचा टप्पा भूमिगत असून त्यातील सात किलोमीटर ठाणे खाडीखालून जातो. मुंबईतील कुलाबा-वांद्रे-आरे ही 33.5 किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्णतः सुरू झाली. महामुंबईच्या पोटात अशी मोठी पोकळी प्रथमच निर्माण होत आहे. तिचा आश्रयस्थान म्हणून उपयोग आणि तिच्या तोंडांचे संरक्षण हे दोन्ही विषय आता नागरी संरक्षणाच्या नियोजनात यायलाच हवेत. 26 मे 2025 च्या पावसात वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले, हे येथे विसरून चालणार नाही. कीव्हच्या स्थानकांना कोकणातील पावसाळा सोसावा लागत नाही.

वसई-विरारकरांना भुयारी मेट्रोचा हा आसरा नाही. जुलै 2018 मध्ये नालासोपारा येथे रुळांवर पाणी चढून पश्चिम रेल्वेची वाहतूक ठप्प झाली, मिठागरांत माणसे अडकली आणि शहराचा मोठा भाग अंधारात राहिला. ज्या शहरात पावसाळ्यात तळमजला सुरक्षित नाही, तेथे हवाई हल्ल्याच्या वेळी लोकांना तळघरात जाण्याची सूचना देणे धोक्याचे ठरू शकते. अन्य देशांच्या नियमावलीची नक्कल येथे उपयोगाची नाही. वर्षाच्या कोणत्या महिन्यात कोणती जागा कोरडी राहते, याची वॉर्डनिहाय यादी हा वसईच्या आश्रय-नियोजनाचा पाया असायला हवा.

माहिती, नकाशे आणि नागरिक

गंगाजी नाइकांच्या काळात मुलखाची माहिती माणसांच्या डोक्यात असे. आज ती महापालिका, रेल्वे, वीज व वायू कंपन्या, पाणीपुरवठा विभाग आणि विकासक यांच्या दप्तरांत विखुरलेली आहे. सांडपाण्याच्या जुन्या वाहिन्या, बुजवलेली बावखळे, नाल्यांवर बांधलेले मजले आणि इमारतींची तळघरे यांचा एकत्रित नकाशा हा लष्कराच्या दृष्टीने युद्धसाहित्य आहे आणि अग्निशमन दलाच्या दृष्टीने रोजचे हत्यार. तो सर्वांना खुला ठेवणे धोक्याचे ठरेल, हा आक्षेप योग्य आहे. पण जो नकाशा अस्तित्वातच नाही, तो गुप्त ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

अनधिकृत बांधकामांमुळे हा प्रश्न येथे अधिक गंभीर होतो. ऑगस्ट 2025 मध्ये विरार पूर्वेत एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून 17 जण मृत्युमुखी पडले. दाटीवाटीच्या वस्तीमुळे जड यंत्रे पोचण्यात अडथळे आले. ही दुर्घटना युद्धकाळातली नव्हती. परंतु शहरी युद्धात सामान्य माणूस बहुधा ढिगाऱ्याखालीच मरतो, आणि ढिगाऱ्यापर्यंत पोचण्याची वाट शांततेतच आखावी लागते.

7 मे 2025 रोजी, भारत-पाकिस्तान संघर्ष भडकला त्याच दिवशी, देशभर 244 नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव घेण्यात आला. महाराष्ट्रातून मुंबई, उरण आणि तारापूर यांचा समावेश सर्वाधिक संवेदनशील गटात होता. तारापूर अणुविद्युत केंद्र पालघर जिल्ह्यात आहे. याच जिल्ह्यात वाढवण बंदराचे कामही 2024 मध्ये पायाभरणी होऊन सुरू झाले. नागरी संरक्षणाचा कायदा 1968 चा आहे. त्या काळी वसई म्हणजे केळीच्या वाड्या, मासळी आणि मिठागरे होती. भोंगा वाजवणे, दिवे मालवणे आणि स्वयंसेवक नेमणे एवढ्यावर आखलेला सराव आजच्या उंच, दाट आणि परस्परांना अनोळखी असलेल्या वस्तीला पुरणार नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्याने या विषयाकडे नागरिकांच्या बाजूने पाहिले आहे. 1949 च्या जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त मसुद्यानुसार लष्करी लक्ष्ये दाट वस्तीत किंवा तिच्याजवळ ठेवण्याचे शक्यतो टाळावे लागते आणि हल्ला करणाऱ्यालाही नागरिकांची हानी टाळण्यासाठी खबरदारी घ्यावी लागते. भारत मूळ चार करारांचा पक्ष आहे, या मसुद्याचा नाही. मात्र लढवय्ये आणि नागरिक यांत भेद करण्याचे तत्त्व रूढ कायदा म्हणून सर्व राष्ट्रांना लागू मानले जाते. भुयारी युद्धात हा भेद सर्वाधिक धूसर होतो, कारण एकच जिना खाली शस्त्रागाराकडे आणि वर स्वयंपाकघराकडे जाऊ शकतो.

वसईचा किल्ला आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. आत चर्चचे भग्न मनोरे, नागेश्वर मंदिर आणि चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. उत्तरेकडील तटाला लागून वस्ती वाढली आहे; ज्या बाजूने 1739 मध्ये सुरुंग खणले गेले, तेथे आता रस्ता आणि घरे आहेत.